खुर्ची आणि गादी : वारशाचे दोन शब्द

एखादा शब्द वस्तूचे नाव सांगता सांगता अधिकाराचे नाव कसा होतो, हे या भागात पाहावयाचे आहे.

रत्नागिरीकडील जुन्या घरांच्या पडवीत वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची आढळते. पणजोबांची म्हणूनच ती ओळखली जाते. वेत झिजतो, तो नव्याने विणून घेतात. लाकूड तेच राहते. वाटणीत जमिनीचे हिशेब जुळतात, पण या एका खुर्चीपाशी भावंडे अडतात.

‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून फारसीमार्गे मराठीत आला. आपली जुनी आसने म्हणजे पाट, चौरंग, गादी. अधिकारासाठी मराठीने दोन्ही शब्द योजले. मात्र त्यांत भेद केला. ‘खुर्ची जाणे’, ‘खुर्चीला चिकटणे’ या प्रयोगांत पद तात्पुरते असते. ‘सातारची गादी’, ‘गादी चालवणे’ यांत वंश असतो. गंमत अशी, की प्रत्यक्ष घरात कापसाची गादी पुनःपुन्हा पिंजावी लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती खुर्ची!

गादी गेलेला एक राजा रत्नागिरीने पाहिला आहे. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजास पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी त्याला येथे आणून ठेवले. जांभ्या दगडाचा राजवाडा त्याला 1910 मध्ये मिळाला. 1916 मध्ये येथेच तो वारला. मंडालेचे त्याचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले आणि 1948 मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाला परत मिळाले. ते राष्ट्राचे झाले, घराण्याकडे आले नाही. थोरल्या राजकन्येचा वंश रत्नागिरीतच राहिला; मराठी हीच त्याची घरची भाषा झाली. येथे ‘गादी’ हा शब्द उरला, वस्तू मात्र हाती लागली नाही. पडवीतल्या खुर्चीचे नेमके उलटे असते : वस्तू हाती येते, तिच्यामागील अधिकार केव्हाच सरलेला असतो.

तो अधिकार कोणाचा होता, हेही विचारावयास हवे. अनेक घरांत सासऱ्यांच्या खुर्चीत सून त्यांच्या पश्चातही बसत नसे. ती रोज पुसण्याचे काम मात्र तिचेच असे.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा परिचयातील एका जुन्या आसनाविषयी पंधरा ओळी लिहा. त्याच्या भागांची घरात रूढ असलेली नावे वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. त्यावर कोण बसत असे, हे लिहाच; कोण कधीच बसले नाही, तेही नोंदवा.