पोलिसांची नोटीस आली: वकिलावर खर्च किती आणि कशाचा?

पोलीस ठाण्यातून नोटीस आली की घरातला पहिला प्रश्न 'वकील कोण बघायचा?' आणि दुसरा 'किती घेतील?' या दुसऱ्या प्रश्नाला ठरीव उत्तर नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरातीची मनाई असल्याने दरपत्रक कुठे लावलेले दिसत नाही. अनुभव, कोर्टाची पायरी आणि लागलेले कलम पाहून फी सांगितली जाते. त्यातच मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे काम नीट झाले नाही म्हणून ग्राहक आयोगाकडे धाव घेता येत नाही. वकीलपत्रावर सही करण्याआधीच हिशेब समजून घ्यायला हवा, तो यासाठी.

आधी फुकट काय ते पाहा

संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत द्यावी लागते. पुढची तारीख आणि कोर्टाचे आदेश ई-कोर्ट्सवर सीएनआर क्रमांक टाकून घरबसल्या दिसतात. तो क्रमांक वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या.

वकीलही मोफत मिळू शकतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. हेल्पलाइन १५१००.

फी टप्प्याटप्प्याने मोजा

*नोटीस.* सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती पाळून सहकार्य केले, तर कारणे लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. कागद वाचणे, उत्तराचा मसुदा करणे आणि गरज पडल्यास सोबत येणे एवढेच या टप्प्याचे काम असते. इथली फी सहसा सर्वांत कमी, आणि इथे केलेली दिरंगाई पुढे सर्वांत महाग पडते.

*अटकपूर्व जामीन.* अर्ज सहसा आधी सत्र न्यायालयात करतात. तिथे फेटाळला गेला तर उच्च न्यायालयात, आणि तिथे फी वेगळी, बहुधा वकीलही वेगळा. 'अटकपूर्वचे इतके' असे सांगितले, तर ते एका कोर्टाचे की दोन्हींचे, हे विचारा.

*रिमांड आणि जामीन.* अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. रिमांडची प्रत्येक हजेरी आणि जामीनअर्ज यांची फी एकत्र आहे का, ते ठरवा. ६० दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज केला तरच. ही मुदत कोण मोजणार, हे वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

*खटला.* येथे 'तारखेप्रमाणे' की 'एकरकमी', हा खरा प्रश्न. समजा तारखेला २,००० रुपये ठरले आणि खटला ४० तारखा चालला, तर ८०,००० होतात. त्यातल्या कितीतरी तारखांना फक्त पुढची तारीख मिळते. म्हणून कामकाज न झालेल्या तारखेचा दर कमी ठरवून घ्या, किंवा टप्प्यांत विभागलेली एकरकमी फी मागा. दोषमुक्तीचा अर्ज, अपील आणि गुन्हा रद्द करण्याची याचिका त्यात सहसा धरलेली नसते.

फीखेरीजचा खर्च

कोर्टाची तिकिटे, नकला, टंकलेखन आणि नोटरी हा खर्च प्रत्येक वेळी थोडाच असतो. पण पावती मागत गेलात तर तो फुगत नाही. मोठी रक्कम अडकते ती जामीन मिळाल्यावर. रोख जामिनाची पावती जपून ठेवा, अटी पाळल्या तर प्रकरण संपल्यावर ती रक्कम परत मिळते. जामीनदार द्यायचा असेल तर त्याच्या ऐपतीचा दाखला लागू शकतो. त्याला लागणारे दिवस धरूनच पळापळ सुरू करा. रक्कम झेपणारी नसेल तर ती कमी करण्याचा अर्ज करता येतो. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने कडक टीका केली. पैसे घेऊन उभा राहणारा भाड्याचा जामीनदार मात्र टाळा. खोटी कागदपत्रे निघाली तर नवा गुन्हा अंगावर येतो.

धंद्यावर चौकशी आली तर

जीएसटी किंवा ईडीचे समन्स आले की आपण आधी सीएला फोन करतो. हिशेबासाठी तो हवाच. पण पक्षकाराने वकिलाशी केलेल्या सल्लामसलतीला जे कायदेशीर गोपनीयतेचे संरक्षण आहे, ते सीएशी केलेल्या बोलण्याला नाही. शिवाय या यंत्रणांपुढे सही करून दिलेला जबाब पुढे वापरला जाऊ शकतो, म्हणून जबाबापूर्वीचा सल्ला वकिलाकडूनच घ्या. धंद्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीला वकिलाच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात तो लावलेला दिसला, तर विचारा.

सही करण्यापूर्वी लेखी घ्या

- कोणता टप्पा, कोणते कोर्ट, किती फी
- कोर्टात स्वतः कोण उभे राहणार: सीनियर की सहकारी
- हप्ते केव्हा द्यायचे, वकील बदलल्यास उरलेल्या रकमेचे काय
- किरकोळ खर्चाचा हिशेब दर महिन्याला

पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

इथे थांबा

'जामीन शंभर टक्के' अशी हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे. 'साहेबांना द्यावे लागतील' असे म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा.

वकील बदलायचा झाला तर त्याची ना हरकत घेण्याची रीत आहे. पण फी थकली म्हणून त्याला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे लेखी करता येते. त्या तक्रारीला बळ येते ते फीच्या पावत्या आणि लेखी ठरावांमुळेच.