लोकरीच्या नमद्याचे मणी व अलंकार

मेंढ्या कातरल्यावर निघणाऱ्या लोकरीस गिऱ्हाईक राहिलेले नाही, ही तक्रार देशावरील मेंढपाळांकडून वारंवार ऐकू येते. कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या किमतीतून भागत नाही, सबब कित्येक ठिकाणी ती बांधावर टाकून देण्यात येते. दख्खनी मेंढीपासून वर्षाच्या दोन कातरणींत मिळून सुमारे अर्धा किलो लोकर निघते; म्हणजे शंभर मेंढ्यांच्या कळपामागे ५० किलो माल वाया जातो. घोंगडीचा खप वाढविणे हा एक उपाय आहे, परंतु त्यास माग, सूत व सनगराचे कसब लागते. प्रस्तुत लेखात ज्या कामाचा विचार करावयाचा आहे त्यास मागही लागत नाही व चातीही लागत नाही. ते काम म्हणजे लोकरीचा नमदा करून त्याचे मणी वळणे व त्यांपासून गळ्यातील, कानातील अलंकार तयार करणे हे होय.

नमदा ही वस्तू आपणांस अगदीच अपरिचित नाही. दख्खनात ‘जेन’ या नावाने ओळखली जाणारी जाड बैठक ही विणलेली नसून लोकर पिंजून, भिजवून व रगडून केलेली असते. काश्मिरातील नमदे प्रसिद्धच आहेत. मध्य आशियात तर ही विद्या फार प्राचीन असून, अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील थडगी १९२९ पासून रुदेन्को या रशियन संशोधकाने खणली तेव्हा त्यांतून नमद्याचे पडदे, खोगिरे व एक हंसदेखील निघाला. बर्फात गोठून राहिल्यामुळे दोन हजारांहून अधिक वर्षे लोटूनही त्यांचे रंग ओळखता येतात. किरगिझ लोकांच्या नमद्याच्या गालिच्यांची कला २०१२ साली युनेस्कोने तातडीने जतन करावयाच्या यादीत घातली, यावरून तिकडेही ही विद्या सुरक्षित नाही हे दिसते.

कापसाचा असा नमदा का होत नाही, हा प्रश्न कापूस पिकविणाऱ्यास साहजिकच पडेल. याचे कारण तंतूच्या घडणीत आहे. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असून त्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाकडील बाजूने सहज सरकतो, परंतु उलट परतताना अडतो. गव्हाची ओंबी बाहीत घातली असता ती एकाच दिशेने वर चढत जाते, तसाच हा प्रकार. कढत पाण्याने तंतू फुगून लवचीक होतो, साबणाने निसरडा होतो आणि हाताने चोळले असता हजारो तंतू एकमेकांत शिरून असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. कापसाच्या तंतूस खवलेच नसल्यामुळे तो कितीही चोळला तरी गुंता होतो, नमदा होत नाही.

आता लोकरीच्या निवडीविषयी. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की दख्खनी लोकर भरड आहे. तंतूची जाडी ३० मायक्रॉनच्या वर गेली की तो कातडीस टोचू लागतो, व आपल्या लोकरीत असे जाड तंतू पुष्कळ असतात. यास्तव नुसत्या दख्खनी लोकरीची माळ करून गळ्यात घातल्यास ती घोंगडीसारखी खाजणार. यावर दोन तोडगे आहेत. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, ही सर्वांत मऊ असते. ती वेगळी काढून ठेवावी व वरच्या थरास वापरावी. जावळ पुरेसे नसल्यास मण्याचा गाभा दख्खनी लोकरीचा करून वर पातळ थर मऊ लोकरीचा द्यावा. राजस्थानातील चोकला जातीची लोकर भारतीय जातींत बरीच मऊ गणली जाते. गाभ्याचे काम भरड लोकर उत्तम करते.

लोकरीतील कुसळे हा दुसरा शत्रू होय. पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकले की त्याची टोके लोकरीत शिरून बसतात आणि धुण्याने निघत नाहीत. गोखरू हाताने वेचता येतो, कुसळ डोळ्यांस दिसतही नाही. आणि एक कुसळ राहिले तरी माळ घेणारी बाई पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. म्हणून मण्यांसाठी उन्हाळ्याच्या सुमाराची कातरण पसंत करावी, व पोटाखालची आणि पायांची लोकर मुळीच घेऊ नये.

धुताना लोकर कढत पाण्यात रिठे अगर साधा साबण घालून पाव तास भिजत ठेवावी. ढवळू अथवा चोळू नये, नाहीतर ती टोपल्यातच नमदा होऊन बसेल. कढत पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकणेही तितकेच वाईट. दोन-तीन पाणी बदलून सावलीत वाळवावी व पिंजून घ्यावी. पिंजारी जवळपास नसल्यास तारेच्या दातांच्या फण्यांनी घरी पिंजता येते.

एक मणी, सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचा, वळण्यास अंदाजे १ ग्रॅम लोकर पुरते. पिंजलेल्या लोकरीच्या पातळ पाकळ्या काढून एकीवर दुसरी आडवी-उभी गुंडाळीत जावे. कोरडा गोळा लिंबाएवढा फुगीर दिसला तरी चिंता नको. तो आवळून निम्म्यावर येतो. नंतर कढत साबणाच्या पाण्यात बुडवून दोन्ही तळहातांत फिरवावा. खरी मेख येथेच आहे. लाडू वळताना आपण पहिल्यापासून दाबतो. मण्यास तसे दाबल्यास पृष्ठभागी चिरा पडतात, व एकदा पडलेली चीर पुढे कितीही वळले तरी बुजत नाही. पहिली दोन मिनिटे हात केवळ फेसावरून फिरावा. वर कातडीसारखा थर धरू लागला की मग दाब वाढवीत न्यावा, व शेवटी जोराने रगडावे. साबण फार झाल्यास मणी नुसता घसरतो, कमी पडल्यास वर लव सुटते. चिमटीत धरून ओढले असता तंतू उचलून येत नसतील व दाबून सोडल्यावर मणी पुन्हा फुगत असेल, तर तो तयार झाला असे समजावे. मग स्वच्छ पाण्यात लिंबाचे थोडे थेंब टाकून खळबळावा, म्हणजे साबणाचा अंश राहत नाही. आतपर्यंत वाळण्यास एक-दोन दिवस लागतात.

पाटावर एकाच दिशेने लाटल्यास मणी लांबट होतो व बोरमाळेचा आकार साधतो. निरनिराळ्या रंगांचे थर देऊन केलेला मोठा गोळा धारदार पात्याने मधोमध कापला तर आत कांद्यासारखी वलये दिसतात. कर्णफुलांस याच्या चकत्या फार शोभतात, आणि वजन जवळजवळ नसल्याने कानास ओढ बसत नाही. दाते असलेल्या सुईने कोरडी लोकर टोचूनही नमदा करता येतो, परंतु सुया मोडतात, बोटांत शिरतात. नवशिक्याने हाताचीच रीत धरावी.

रंगाविषयी आमचे मत असे की पांढरी लोकर तेवढी रंगवावी. मंजिष्ठा व लाख तुरटीच्या पुटावर चांगले बसतात. हळद मात्र उन्हाने उडते. काळी, करडी व तपकिरी लोकर आहे तशीच ठेवावी, कारण तोच आपल्या मालाचा विशेष आहे. काठमांडू परिसरात न्यूझीलंडची लोकर आणवून रंगीबेरंगी नमद्याचे गोळे करण्याचा मोठा धंदा चालतो. ते गोळे एकसारखे व स्वस्त असतात. त्यांच्याशी त्यांच्याच रंगात स्पर्धा करू जाणे व्यर्थ होय. दख्खनी काळ्या लोकरीची बोरमाळ, पटवेकऱ्याने रेशमी गोफात ओवलेली, ही मात्र काठमांडूस मिळावयाची नाही.

हिशेब नीट मांडला पाहिजे. एक किलो स्वच्छ लोकरीतून, नासधूस वजा जाता, ८०० मणी निघतात असे धरू. सवयीच्या हातासही एका मण्यास सात-आठ मिनिटे लागतात, म्हणजे आठ तासांच्या दिवसात सुमारे ६० मणी. एक किलो लोकर संपविण्यास तेरा-चौदा दिवस लागले. अर्थात या धंद्यात लोकरीची किंमत नगण्य असून सर्व मोल श्रमाचे आहे. तेव्हा आपल्या गावी बाईमाणसाची दिवसाची जी मजुरी असेल तिला ६० ने भागावे. जो आकडा येईल त्याहून कमी दराने मणी विकणे म्हणजे घरातील स्त्रियांचे श्रम व्यापाऱ्यास फुकट देणे होय. पंचवीस मण्यांची माळ ओवणी धरून अर्ध्या दिवसाचे काम आहे. हा भाव ज्या बाजारात मिळत नाही तेथे माल नेऊच नये. आणि घरात ही माळ बहुधा बायका-मुलीच वळणार, तेव्हा तिचे पैसेही त्यांच्याच हाती पडावेत. नाहीतर दुसऱ्या हंगामास काम आपोआप बंद पडेल.

हात बसेपर्यंत विक्रीच्या नादी न लागता पोळ्यासाठी बैलांच्या माळा कराव्यात. लोकरीचे गोंडे आपण बैलांस बांधतोच. त्यांतच चार-चार सेंटिमीटरचे मणी ओवावेत. बैलास भरड लोकर टोचत नाही, मणी वाकडा झाला तरी तो रुसत नाही, आणि शे-दोनशे मणी वळून होईपर्यंत हातास दाब कळू लागतो.

तयार माल कसरीपासून जपावा लागतो. तिची अळी लोकरच खाते, व मळलेल्या अगर घामट लोकरीवर ती आधी पडते. मणी पूर्ण वाळलेले असावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला अगर कापूर घालून ठेवावेत, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा डबा उघडून मणी झटकून उन्हात पसरावेत.