संमोहन उपचार : स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

'संमोहन' हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रंगमंचावरील जादूगार उभा राहतो. या प्रतिमेमुळे रुग्णांची दुहेरी हानी होते. ज्यांना या उपचाराचा लाभ होऊ शकेल, ते भीतीपोटी दूर राहतात; आणि ज्यांना अन्य उपचारांची तातडीने गरज असते, ते चमत्काराच्या आशेने त्यामागे धावतात. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती आम्ही येथे देत आहोत.

पूर्वपीठिका

अठराव्या शतकात फ्रान्झ मेस्मर हे 'प्राणिज चुंबकत्वा'ने रोग बरे करण्याचा दावा करीत. फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगाने १७८४ मध्ये या दाव्याची परीक्षा केली. बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे त्याचे सदस्य होते. असे चुंबकत्व अस्तित्वात नाही, दिसणारा परिणाम कल्पनाशक्तीचा आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. पुढे मँचेस्टरचे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी १८४३ मध्ये ग्रंथ लिहून या विषयाला शरीरशास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. आपल्या देशात डॉ. जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाल्यावर ही पद्धत मागे पडली. १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने मात्र काही विकारांत संमोहनाची उपयुक्तता मान्य केली.

संमोहन म्हणजे काय?

संमोहन म्हणजे निद्रा नव्हे, बेशुद्धीही नव्हे. या अवस्थेत लक्ष एका बिंदूवर केंद्रित होते, भोवतालचे भान मंदावते आणि योग्य सूचना स्वीकारण्याची मनाची तयारी वाढते. रुग्णाला उपचारकाचे बोलणे ऐकू येते व नको असल्यास तो थांबू शकतो. ही ग्रहणक्षमता सर्वांत सारखी नसते. काहींत ती पुष्कळ, काहींत अत्यल्प, तर बहुसंख्यांत मध्यम असते. ती कमी असणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे, तसेच ती अधिक असणे हा भोळेपणाही नव्हे.

उपचार कसा होतो?

प्रथम रुग्णाचा संपूर्ण इतिहास घेऊन निदान केले जाते व त्याची संमती घेतली जाते. त्यानंतर श्वासावर लक्ष, स्नायूंचे शिथिलीकरण, कल्पनाचित्रण व सूचना या क्रमाने उपचार होतो. शेवटी रुग्णाला हळूहळू पूर्ण जागृतीत आणून घरी करावयाचे स्वसंमोहन शिकविले जाते.

इंजेक्शनच्या भीतीने इन्शुलिन टाळणाऱ्या मधुमेही रुग्णाचे उदाहरण घेऊ. शिथिल अवस्थेत तो प्रथम सुई दुरून पाहण्याची, मग हाती घेण्याची व अखेरीस टोचण्याची कल्पना करतो आणि पुढे या पायऱ्या प्रत्यक्षात चढतो. मात्र सुई पाहून ज्यांना घेरी येते, त्यांचा रक्तदाब एकाएकी उतरतो. अशांना केवळ शिथिलीकरण शिकविणे अपुरेच नव्हे, तर प्रतिकूलही ठरू शकते. त्यांना स्नायू ताणून रक्तदाब राखण्याचे तंत्र शिकवावे लागते. भीती एकच असली तरी उपचार वेगळा असतो, म्हणूनच निदान प्रथम हवे.

उपयोग आणि मर्यादा

चिंता, विशिष्ट वस्तूंची भीती, शस्त्रक्रियेपूर्वीची अस्वस्थता व दीर्घकालीन वेदना यांत संमोहन पूरक उपचार म्हणून साहाय्यक ठरू शकते. मानसिक ताणाने बळावणाऱ्या आतड्याच्या विकारात बारा महिने औषधे घेऊनही आराम न पडल्यास याचा विचार करावा, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये सुचविले. याउलट, धूम्रपान सोडविण्यात संमोहन अन्य उपायांहून सरस असल्याचा पुरेसा पुरावा कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात आढळला नाही.

भ्रम वा भास होणाऱ्या रुग्णांत संमोहनाने लक्षणे बळावण्याचा धोका असतो. तीव्र नैराश्य व आत्महत्येचे विचार असल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. संमोहनात 'आठवलेल्या' घटना खऱ्या असतीलच असे नाही; सूचनेमुळे खोट्या स्मृतीही निर्माण होतात. म्हणून अशा आठवणींवरून कोणा आप्तावर आरोप ठेवणे घातक होय. पूर्वजन्माच्या शोधास तर शास्त्रीय आधार नाही.

वाचकांस विनंती

उपचारकाची वैद्यकीय अथवा चिकित्सा-मानसशास्त्रातील पदवी व नोंदणी अवश्य विचारावी. 'एका बैठकीत हमखास गुण' असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद करू नयेत. मुलांचा उपचार पालकांच्या संमतीनेच व्हावा. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाची शारीरिक तपासणी आधी करून घ्यावी व त्याला शिक्षा करू नये.

मन दुखावले असता मदत मागण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही माहिती आपण आपल्या कुटुंबात व शेजारीही पोहोचवावी, अशी आमची विनंती आहे.