शेतकरी-सभेसाठीं स्लाइड्स कशा तयार कराव्या

गांवोगांव भरणाऱ्या शेतकरी-सभांत हल्लीं व्याख्यात्याच्या पुढें संगणक व मागें पांढरा पडदा पुष्कळदां दिसतो. ही रीत वाटते तितकी नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडून व त्यांत हालचालीचा भास उत्पन्न करून लोकांस दाखविलीं. त्या खेळास ‘शांबरिक खरोलिका’ असें नांव होतें. त्या काळीं प्रत्येक काच हातानें रंगवावी लागे. १९८७ सालीं पॉवरपॉइंट प्रथम विक्रीस आलें, आणि पुढें त्यांत तयार चौकट (टेम्प्लेट), तयार चित्र (क्लिपआर्ट) व तयार हालचाल (अ‍ॅनिमेशन) हीं तिन्ही बोटाच्या एका दाबासरशीं मिळूं लागलीं. श्रम वांचले खरे. परंतु जें आपल्या शेतांत नाहीं तें आपल्या पडद्यावर येऊं लागलें. ह्या तयार वस्तु आपल्या पिकाच्या मापानें कशा बेतून घ्याव्या, एवढाच या पाठाचा विषय आहे.

उदाहरणादाखल कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयीं दहाबारा स्लाइडांचें व्याख्यान तयार करावयाचें आहे असें धरूं. २०१७ च्या हंगामांत या किडीनें विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीचा केलेला नाश वाचकांच्या स्मरणांत असेलच. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत औषध फवारतांना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. अशा विषयावर पडद्यावरील चित्र चुकलें, तर तें पाहून घरीं जाणारा मनुष्य चुकीची अळी शोधील किंवा चुकीच्या रीतीनें फवारील.

प्रथम चौकटीचा विचार करूं. तयार टेम्प्लेटांपैकीं बहुतेक व्यापारी कचेऱ्यांसाठीं बनविलेलीं असतात. गडद पार्श्वभूमि, तिच्यावर बारीक अक्षरें व कोपऱ्यांत नक्षी. शाळेच्या वर्गांत किंवा देवळाच्या सभामंडपांत दिवसां उजेड असतो, तेथें अशा पार्श्वभूमीवरील अक्षर मागच्या रांगेंतील वृद्धास दिसत नाहीं. यास्तव पांढरी पार्श्वभूमि व काळें अक्षर घ्यावें, आणि अक्षराचें माप २८ हून कमी ठेवूं नये. हे फेरफार प्रत्येक स्लाइडवर करीत बसण्याचें कारण नाहीं. ‘व्ह्यू’ या सदरांतील ‘स्लाइड मास्टर’ उघडून तेथें एकदां बदल केला म्हणजे सर्व स्लाइडा त्याप्रमाणें बदलतात. मराठी अक्षराच्या वर वेलांटी-मात्रा व खालीं उकार येतात, म्हणून ओळींमधील अंतरही तेथेंच थोडें वाढवावें. झालेली चौकट ‘पॉवरपॉइंट टेम्प्लेट’ या प्रकारानें जतन केली कीं पुढच्या सभेस तीच उपयोगी पडते. अक्षर युनिकोडचेंच असावें; जुन्या पद्धतीच्या फाँटांत लिहिलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर गेला कीं इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी होतो, व ती सर्व सभेसमोर होते.

चौकट बदलतांना रंगांची एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. रंग भरण्याच्या यादींत वरचे रंग ‘थीम कलर्स’ म्हणून असतात. ते चौकटीशीं बांधलेले असून चौकट किंवा तिची रंगसंगति बदलतांच आपोआप बदलतात. शोभेच्या पट्टीस हें सोयीचें आहे. परंतु कीटकनाशकाच्या डब्यावरील तिरक्या चौकोनाच्या खालच्या भागाचा रंग हा शोभेचा नव्हे : लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम व हिरवा सौम्य, असा त्याचा अर्थ आहे. हा चौकोन थीमच्या लाल रंगानें रंगविला आणि मागाहून कोणी ‘शेतीस शोभेल’ म्हणून हिरवी रंगसंगति निवडली, तर अत्यंत विषारी औषधाचें चिन्ह एका क्षणांत सौम्य औषधाचें होऊं शकतें, व करणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून ज्या रंगास अर्थ आहे तो खालच्या ‘स्टँडर्ड कलर्स’ मधून किंवा ‘मोर फिल कलर्स’ मधून द्यावा; तो चौकट बदलली तरी कायम राहतो.

आतां क्लिपआर्टकडे वळूं. मायक्रोसॉफ्टचा जुना क्लिपआर्ट-संग्रह २०१४ सालीं बंद झाला. त्याच्या जागीं आतां आयकॉन व इंटरनेटवरील चित्रशोध आहेत. इंटरनेटवरील चित्रावर कोणाचा तरी हक्क असतो, हें विसरूं नये. ‘अळी’ असें शोधलें कीं हिरवीगार, हंसऱ्या तोंडाची अळी पुढें येते. ‘शेतकरी’ शोधला तर गवती टोपी घातलेला परदेशी गृहस्थ लाल कोठारापुढें उभा असतो. त्याचें आमच्या मंडळींस हंसूं येतें, पण नुकसान कांहीं होत नाहीं. हिरव्या अळीची गोष्ट निराळी. कपाशीवर हिरवट दिसणारी अळी बहुधा अमेरिकन बोंडअळी असते. ती बोंडास मोठें भोंक पाडते व तें बाहेरून दिसतें. गुलाबी बोंडअळी लहानपणीं पांढुरकी, तपकिरी डोक्याची असते. पुढें तिच्यावर गुलाबी रंग येतो. ती बारीक असतांनाच बोंडांत शिरते व तिच्यामागें भोंक बुजून जातें. पडद्यावर हिरवी अळी पाहून गेलेला शेतकरी भोंक पडलेलें बोंड शोधीत राहील, आणि आंतल्या आंत कापूस किडेल. याकरितां ओळख पटवावयाची असेल तेथें आपल्याच शेतांतील डोमकळीचें व चिरलेल्या बोंडाचें, मोबाइलवर काढलेलें छायाचित्र घालावें. क्लिपआर्ट केवळ खुणेपुरतें असावें.

खुणेचें चित्रही बदलून घेतां येतें. एसव्हीजी प्रकारचें चित्र निवडून ‘कन्व्हर्ट टू शेप’ ही आज्ञा दिली, व मग ‘अनग्रुप’ केलें, कीं त्याचे अवयव सुटे होतात आणि प्रत्येकास निराळा रंग देतां येतो. जेपीजी किंवा पीएनजी चित्राचे असे तुकडे पडत नाहींत. फवारणी करणाऱ्या मनुष्याचें तयार चित्र बहुधा उघड्या हातांचें व उघड्या तोंडाचें मिळतें. तें तसेंच दाखविणें म्हणजे तसें फवारण्यास संमति देणें होय. त्याचे अवयव सुटे करून हातांस मोजे व तोंडास मुखपट्टी काढावी. दोन-तीन आकृत्यांत हें काम भागतें. जागेच्या सोयीसाठीं असें चित्र ‘फ्लिप’ करून उलटें केलें, तर वाऱ्याचा बाणही उलटावा. नाहींतर आपला चित्रांतला मनुष्य वाऱ्याच्या तोंडाकडे फवारूं लागेल.

अ‍ॅनिमेशनविषयीं आमचें मत असें कीं, शेतांत जें क्रमानें घडतें तेंच पडद्यावर क्रमानें यावें. बाकी सर्व स्थिर असावें. शीर्षकाचीं अक्षरें गिरक्या घेत येतात तेव्हां मुलें खूष होतात, पण व्याख्यात्याचें वाक्य कोणी ऐकत नाहीं. उलट बोंडअळीच्या अवस्था सांगतांना हालचाल फार उपयोगी आहे. अंडें, अळी, कोष व पतंग हीं चार चित्रें वर्तुळांत मांडून प्रत्येकास ‘फेड’ हा साधा परिणाम द्यावा व आरंभ ‘ऑन क्लिक’ ठेवावा. ‘आफ्टर प्रीव्हियस’ ठेवल्यास चित्रें आपोआप पुढें जातात आणि मध्येंच कोणी शंका विचारली तर व्याख्यात्याची धांदल उडते. बाण ‘वाइप’नें एका बाजूनें उमटवावा, म्हणजे क्रमाची दिशा कळते. बोंडाचें असेंच : आधीं बाहेरून निरोगी दिसणारें बोंड, दुसऱ्या क्लिकेस त्याच जागीं तेंच बोंड चिरलेलें. या दोहोंच्या मध्यें थोडें थांबावें व ‘ह्या बोंडांत कीड आहे काय?’ असें सभेस विचारावें.

कामगंध सापळ्याची स्लाइडही अशीच करावी. सलग तीन रात्रीं प्रत्येक सापळ्यांत सरासरी ८ पतंग सांपडले, तर नुकसानीची पातळी गांठली गेली असें समजतात. हें वाक्य लिहून दाखविल्यास विसरलें जातें. पहिल्या क्लिकेस पहिली रात्र व ८ पतंग, दुसऱ्या क्लिकेस दुसरी, तिसऱ्या क्लिकेस तिसरी, आणि तेव्हांच ‘आतां उपाय करा’ हे शब्द, अशी मांडणी केली कीं एका रात्रींत ८ पतंग पाहून लगेच पंप पाठीवर घेण्याची घाई होत नाहीं. क्रम तपासण्यासाठीं ‘अ‍ॅनिमेशन पेन’ उघडी ठेवावी. टाळ्यांचे व घंटांचे आवाज जोडूं नयेत.

सभा संपल्यावर मंडळी स्लाइडा व्हॉट्सअ‍ॅपवर मागतात व त्या पीडीएफ करून पाठविल्या जातात. पीडीएफमध्यें हालचाल राहत नाहीं. एकाच जागीं एकावर एक ठेवलेल्या दोन चित्रांपैकीं वरचेंच दिसतें, आणि आमच्या उदाहरणांत निरोगी बोंड कायमचें झांकलें जातें. म्हणून वाटावयाच्या प्रतींत अशा स्लाइडेची नक्कल करून दोन स्वतंत्र स्लाइडा कराव्या : एकीवर निरोगी दिसणारें बोंड, दुसरीवर चिरलेलें. जे पॉवरपॉइंटऐवजीं लिबरऑफिसचें मोफत इंप्रेस वापरतात, त्यांनीं पॉवरपॉइंटची फाइल त्यांत उघडून प्रत्येक हालचाल सभेच्या आधींच्या दिवशीं एकदां चालवून पाहावी. कांहीं परिणाम त्यांत बदलतात.