हिंगणघाटहून स्टायलिस्ट

प्रश्न : मी हिंगणघाटला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नात्यात कुणाचंही लग्न असो, नवरीच्या शालूपासून करवल्यांच्या गजऱ्यांपर्यंत सगळं मीच ठरवते. मला फॅशन स्टायलिस्ट व्हायचंय. पण शिवता येत नाही, आणि मुंबईतला महागडा कोर्स परवडणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : शिवता येत नाही याची काळजी सोड. टाचायला, उसवायला आणि कपडा न जाळता इस्त्री करायला मात्र शीक. डिझायनर कपडा घडवतो. स्टायलिस्ट तयार कपड्यांतून निवड करून माणूस उभा करतो. हे काम ऐकायला झगमगीत, करायला निम्मं हमालीचं. दुकानांतून आणि डिझायनरांकडून चित्रीकरणापुरते कपडे मागून आणायचे, यादी ठेवायची, ढगळ ब्लाउज कॅमेऱ्याला दिसणार नाही असा पाठीमागून पिनांनी आवळायचा, आणि काम संपलं की सगळं बिनडागाचं परत करायचं. कॉलरला मेकअप लागलाच तर भरपाई कुणी करायची, हा वाद बहुतेक वेळा असिस्टंटच्याच गळ्यात पडतो. सुरुवातीला तू असिस्टंटच असशील.

सुरुवात शिवणातूनच व्हावी लागते असं नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, शिकल्या ते चित्रकला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकांसाठी त्या फॅशनची रेखाचित्रं काढत. त्यातून कपडे घडवण्याचं काम आलं, मग सिनेमा. १९५६च्या ‘सीआयडी’पासून पुढे अर्धं शतक. १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. त्या वेशभूषाकार होत्या, स्टायलिस्ट नव्हे. पण तुला घ्यायची ती त्यांची नजर. त्या चित्रपटात एकच माणूस १८९३ सालच्या दक्षिण आफ्रिकेत सुटाबुटातला बॅरिस्टर आहे आणि १९४८ साली पंचा नेसलेला. मधला सगळा प्रवास कापडातून दिसायला हवा होता. खुद्द गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पुरा पोशाख सोडून पंचा स्वीकारला, तेव्हा तो पाहून लोकांना काय कळेल, याचा त्यांना नेमका अंदाज होता. (त्यांना कुणी स्टायलिस्ट म्हटलेलं मात्र रुचलं नसतं!)

कापडाची ही नजर आधी कमवायची, म्हणून माझा सल्ला उलटा आहे. मुंबईआधी वर्ध्याला जा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आहे, ग्रामीण उद्योगांवर संशोधन करणारी महात्मा गांधी संस्था तिथेच मगनवाडीत आहे, गोपुरीत विनोबांनी सुरू केलेलं ग्राम सेवा मंडळ आहे. हातसुताची खादी आणि गिरणीचं कापड शेजारी-शेजारी ठेवून चुरगाळून बघ. हातसुतात धागा कुठे जाड, कुठे बारीक. त्यामुळे कापड अंगावर पडतंही वेगळं. नैसर्गिक रंगातली निळाई आणि रासायनिक रंगातली निळाई आधी उन्हात बघ, मग ट्यूबलाइटखाली. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांना नावानिशी माहीत होता. त्या गावच्या मुलीला सुती आणि पॉलिस्टर बोटांनी ओळखता येऊ नये, हे बरं नाही.

कॅमेऱ्याची नजर वेगळी असते, तीही कळायला हवी. अगदी बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर लहरतो. सॅटिनवर फ्लॅश पडला की चमचमाट होतो. भर उन्हात पांढऱ्याशुभ्र कापडाच्या चुण्याच गायब होतात. हे मोबाइलवरही शिकता येतं, पैसा लागत नाही.

मग फोटोंचा संच बनव. गावात प्री-वेडिंगचे फोटो काढणारा एखादा धडपड्या फोटोग्राफर असेलच. त्याला गाठ, एक-दोन मैत्रिणींना उभं कर, बोर धरणाकडे जा. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. फोटो सगळ्यांच्याच कामाला येतात. आईच्या कपाटातल्या साड्या चालतील. मात्र सगळे फोटो नवरीचे नकोत! एखाद्या आजोबांना धोतर-कोट घालून उभं कर, एखाद्या शेतकरी बाईंना त्यांच्याच लुगड्यात नीट दाखव. मासिकातल्यासारखे दहा फोटो काढून घेणाऱ्या खूप मुली असतात. तुझ्या जिल्ह्यातली माणसं तुलाच दाखवता येतील.

कोर्सचं म्हणशील तर आयटीआयमधला शिवणाचा किंवा फॅशन डिझाइनचा एक वर्षाचा अभ्यासक्रम कमी पैशात होतो. तीन महिन्यांत स्टायलिस्ट बनवतो म्हणणाऱ्या जाहिरातीपेक्षा मला तो बरा वाटतो. बी.कॉम. मात्र सोडू नकोस. बिल लिहिणं, उसन्या कपड्यांचा हिशेब ठेवणं, अनामत रक्कम सांभाळणं हे ज्यांना जमत नाही, त्यांचं या धंद्यात फार काळ निभत नाही.

मुंबई टळणार नाही, कारण मालिका, जाहिराती आणि कपडे देणारी दुकानं बहुतेक तिथेच आहेत. सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये बसण्याआधी निदान एका स्टायलिस्टकडे मदतनीस म्हणून काम पक्कं कर, आणि चार महिन्यांचा खर्च गाठीशी ठेव. मालिकांच्या कामाचे पैसे बिल दिल्यावर ९० दिवसांनी मिळण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात ‘परत ये’ म्हणून फोन सुरू होतील.