सेल्फ मारण्याआधी

इस्लापूरला पावसाळा म्हणजे सहस्रकुंडाचा हंगाम. पैनगंगेचा धबधबा पाहायला नांदेडकडून, उमरखेडकडून गाड्यांची रीघ लागते. आडवाटेच्या नाल्यांवर बुटक्या फरश्या असतात, त्यांवरून पाणी वाहत असलं तरी ‘फोर बाय फोर आहे, निघेल’ म्हणत कुणीतरी गाडी घालतंच. याच भागातल्या एका जीपचालकानं तशी घातली. पाणी गुडघ्याएवढं होतं. मधे खड्डा आला, बॉनेट खाली झुकलं आणि इंजिन गपकन बंद पडलं. घाबरून त्यानं सेल्फ मारला. टक्! एवढंच. पुन्हा मारला, तेव्हा आतून जड ठोका ऐकू आला. गॅरेजात हेड उतरवलं तर एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. पहिल्या ‘टक्’वर हात आवरला असता तर इंजिन बहुधा वाचलं असतं, असं मेस्त्रीचं म्हणणं पडलं.

हिशेब अगदी सरळ आहे. 2.2 लिटरच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनात एकेका सिलिंडरच्या वाट्याला साधारण 550 मिली येतात. कॉम्प्रेशन रेशो 16:1 धरला, तर पिस्टन वर गेल्यावर जागा उरते जेमतेम 37 मिलीची. हवा तेवढ्यात दबून बसते; पाणी दबत नाही. खोकल्याच्या औषधाची चार टोपणं भरतील एवढं पाणी आत गेलं, की पिस्टन अडतो आणि सगळा जोर रॉडवर येतो. इंजिन वेगात असेल तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेरही येतो.

म्हणून पाण्यात उतरण्याआधी आपल्या गाडीचं नाक कुठं आहे ते बॉनेट उघडून एकदा बघावंच. पुष्कळ गाड्यांत हवा ओढणारं तोंड हेडलाइटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला असतं. महिंद्राच्या 2020 च्या थारला कंपनी 650 मिलीमीटर पाण्याची मर्यादा देते. पण ती मर्यादा संथ पाण्यात, संथ चालीची. वेगानं घुसलं की बंपरपुढे लाट चढते आणि गुडघाभर पाणी बॉनेटवर येतं. फोर-लो, पहिला गिअर, माणसाच्या चालीचा वेग. मधेच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही.

ट्रॅक्टरचं हवेचं नळकांडं बॉनेटच्या वर उभं असतं, ते इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. स्नॉर्केल म्हणजे तीच सोय. पुण्याच्या फोर्स मोटर्सनं 2021 च्या गुरखाला तो कारखान्यातूनच दिला, मर्यादा 700 मिलीमीटर. बाहेरून बसवलेल्या स्नॉर्केलचं मात्र नीट तपासून घ्यावं लागतं. नळी छतापर्यंत गेली, पण खाली जोडाला क्लिप सैल असेल किंवा एअर फिल्टरच्या डब्याच्या बुडाचं पाणी निचरायचं भोक उघडं असेल, तर इंजिन तिथूनच पाणी ओढतं. तपासायची जुनी रीत अशी: इंजिन नुसतं चालू ठेवून वरचं तोंड क्षणभर तळहातानं झाकायचं. इंजिन घुसमटून बंद पडायला आलं, तर जोड घट्ट आहेत. आरामात चालत राहिलं, तर हवा दुसरीकडून येतेय, आणि पाणीही येईल.

स्नॉर्केल इंजिन वाचवतो, गाडी वाचवत नाही. वाहतं पाणी दोन फुटांचं झालं की जीपसारख्या जड गाड्याही उचलून नेतं. 28 सप्टेंबर 2021 ला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळच्या दहागावच्या पुलावरून वाहून गेली, माणसं दगावली. ते गाव पैनगंगेच्या पलीकडच्या अंगाला. एवढी मोठी बस गेली, तिथं आपली जीप कोण? शिवाय वर ईसापूर धरण आहे. दरवाजे उघडले की इकडे ऊन असतानाही पैनगंगा चढते. पाण्याखालची फरशी दिसत नसेल तर गाडी अलीकडेच उभी करावी, हेच खरं.

तरीही पाण्यात इंजिन बंद पडलंच, तर आधी माणसं बाहेर काढा. मग चावी बंद. सेल्फ नाही, आणि गिअरमध्ये टाकून धक्का तर मुळीच नाही, कारण चाकांचा जोर सेल्फपेक्षाही वाईट. न्यूट्रलवर ओढून कोरड्यात आणा. फिल्टरचा डबा उघडा. पेपर कोरडा असेल तर दोष वायरिंगचा असू शकतो. ओला असेल तर नोझल किंवा ग्लो प्लग काढून, पुढची पुली पान्यानं हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं. इंटरकूलरचे पाइपही रिकामे करायचे. ऑइल दुधाळ दिसलं तर बदलायचं, थोडं चालवून पुन्हा बदलायचं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही बघायचं, कारण तापलेलं हाऊसिंग गार पाण्यात पडलं की ब्रीदरमधून पाणी आत ओढतं. रॉड थोडासाच वाकला असेल तर गाडी सुरू होते, पळतेही, आणि काही आठवड्यांनी रस्त्यात दगा देते. म्हणून कॉम्प्रेशन मोजून घ्यावं.

विम्याचंही आधीच बघून ठेवा. नेहमीच्या पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि पाण्यात सेल्फ मारल्याचं सर्व्हेअरच्या ध्यानात आलं, की दावा अडतो. गाडी आहे त्या जागी फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि टो करूनच गॅरेजला न्या.