बाजी कोणाची?

दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात एक मथळा हमखास दिसतो : 'निकालात मुलींची बाजी'. उर्दू शाळेतला विद्यार्थी तो पहिल्यांदा वाचतो तेव्हा गोंधळतो. आपल्या घरात बाजी म्हणजे थोरली बहीण. मग ही कोणत्या मुलींची बहीण, आणि तिचा निकालाशी काय संबंध?

विद्यार्थी मित्रांनो, हे दोन वेगळे शब्द आहेत. बहीण या अर्थाची बाजी उर्दूत 'जीम'ने लिहितात. मथळ्यातली बाजी 'ज़े'ची. ती फारसीतून आली असून तिचा मूळ अर्थ 'खेळ' असा आहे. मराठीत जीम आणि ज़े या दोन्हींसाठी एकच 'ज' लिहितात, म्हणून घोटाळा होतो. उच्चारही येथे मदतीला येत नाही. 'बाजू' म्हणताना मराठी माणसाचा ज तुमच्या ज़ेच्या जवळ जातो, पण पुढे ई आली की तो जीमसारखा होतो. 'माझा' आणि 'माझी' हे शब्द मराठी बोलणाऱ्या मित्राकडून ऐका, झ मधला असाच फरक कळेल. बाजीप्रभू, बाजीराव यांतली बाजी तर तिसरीच. ते नाव आहे.

पत्ते, फासे किंवा बुद्धिबळ यांचा एक डाव म्हणजे एक बाजी. जुगारात डावावर पैसे लावतात, म्हणून लावलेल्या पैशालाही बाजी म्हणू लागले. बातमीत हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. 'बाजी मारणे' म्हणजे जिंकणे. 'बाजी लावणे' म्हणजे पणाला लावणे. उर्दूतही तुम्ही असेच म्हणता. (घोषणाबाजी, हुल्लडबाजी, फटकेबाजी या शब्दांच्या शेवटी हीच बाजी आहे. त्यांपैकी फटकेबाजीचे तेवढे कौतुक होते!)

मार्च २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत राज्यातील ९७.२१ टक्के मुली आणि ९४.५६ टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. मुलींनी मुलांचे गुण काही जिंकून नेले नाहीत. तरीही मथळ्यात जागा थोडी असते, आणि अर्थ चटकन कळतो. असा वापर चालतो.

खेळाच्या बातमीत मात्र शब्द मोजून वापरावा. आपल्या नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ हे २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नौकानयनात सुवर्णपदक मिळवणाऱ्या चौघांच्या भारतीय संघात होते. त्या संघाने बाजी मारली, हे अगदी बरोबर. याच जिल्ह्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवले. तेथे 'पदक पटकावले' असे लिहावे. बाजी पहिल्या येणाऱ्याची.

आता 'बाजी लावणे' पाहू. आगीत अडकलेल्या मुलाला वाचवायला जवान आत शिरतो, तेव्हा त्याने प्राणांची बाजी लावली असे म्हणतात. तो स्वतः पुढे झाला, म्हणून शब्द शोभतो.

परंतु त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याची गोष्ट घ्या. तेथील बाया तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून, डोक्यावर हंडा घेऊन पाणी आणत. ती छायाचित्रे सर्वत्र छापून आल्यावर जानेवारी २०२२ मध्ये तेथे लोखंडी पूल झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो वाहून गेला. अशा बातमीत 'जिवाची बाजी लावून महिला पाणी आणतात' असे सहज लिहिले जाते. वाक्य जोरदार वाटते, पण ते खोटे आहे. बाजी लावणाऱ्याला खेळायचे की नाही हे ठरवता येते. डावातून उठून घरी जाता येते. घरात पाण्याचा थेंब नसलेल्या बाईने काय ठरवायचे? तिचा जीव तिने पणाला लावलेला नाही. पूल आणि नळ नसल्यामुळे तो पणाला लागला आहे. 'बाजी' लिहिले की तिच्या धाडसाचे कौतुक होते, आणि पाणी देणे कोणाचे काम होते हा प्रश्न बातमीतून निघून जातो. अशा ठिकाणी मराठीत नेमका वाक्प्रचार आहे : जीव मुठीत धरून.

स्वाध्याय

१. 'बाजी मारणे', 'बाजी लावणे' आणि 'जीव मुठीत धरणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

२. आठवडाभराच्या मराठी वर्तमानपत्रांतून 'बाजी' असलेले मथळे कापून वहीत चिकटवा. प्रत्येकाखाली लिहा : डाव कोणाचा, आणि जीव किंवा पैसा कोणाचा?